ओट्याचा टवका: घरी भरायचा की मिस्त्री बोलवायचा?

नारळ ओट्याच्या कडेवर आपटला, भरलेला कुकर सिंकमधून उचलताना काठाला लागला, खलबत्ता ठेवता ठेवता हातातून निसटला. ग्रॅनाइटची एक कपची उडते आणि काळ्याभोर कडेवर पांढुरकी खळगी दिसायला लागते. ओटा त्याने कमकुवत होत नाही. पण पुसताना फडका तिथे अडकतो, खळगीत पिठातेलाचा चिकट थर बसतो आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाचे लक्ष नेमके तिथेच जाते.

कपची सापडली तर आधी ती उचलून डबीत ठेवा. केरात गेली की गेली. तिच्याइतका जुळणारा रंग कुठल्याही दुकानात मिळत नाही.

इथे मुख्य भर ग्रॅनाइटच्या ओट्यावर आहे, कारण घरी भरून चांगला दिसेल असा टवका बहुतेक वेळा तिथलाच असतो. फरशी, बेसिन, सनमायका आणि भिंतीचे कोपरे यांचे कायदे वेगळे आहेत, ते पुढे येतील.

टवका आणि तडा यांत गल्लत नको

टवका म्हणजे वरून उडालेला तुकडा. त्याचा तळ दिसतो आणि तो तिथेच संपतो. तडा दगडाच्या आत पळतो. डोळ्यांना कधी कधी दोन्ही सारखेच वाटतात, म्हणून ओल्या फडक्याने ती जागा भिजवा आणि लगेच कोरडी पुसा. मिनिटा-दोन मिनिटांत दगड वाळतो. तडा असेल तर त्याची रेघ मात्र काळपट ओली राहते, कारण आत शिरलेले पाणी लवकर निघत नाही. टवक्याच्या टोकापासून अशी रेघ निघून पुढे गेलेली दिसली तर ते काम घरचे नाही.

असा तडा बहुधा सिंकच्या कापाच्या कोपऱ्यातून निघतो. तो कोपरा गोल न ठेवता काटकोनात कापला की सगळा ताण त्या एका टोकावर येतो. शिवाय सिंकच्या पुढे दगडाची जेमतेम दोन-तीन इंचांची पट्टी उरते आणि खाली आधार नसतो. वरून कितीही छान भरा, कुणी ओट्यावर टेकून उभे राहिले की दगड केसभर हलतो आणि भरलेला माल पुन्हा चिरतो. तिथे आधी खालून आधार द्यावा लागतो, मग तडा भरावा लागतो.

दुसरी तपासणी दगडाच्या जातीची. जुन्या घरांत काळा ओटा ग्रॅनाइटचा नसून कडाप्प्याचा असतो. कडाप्पा, शहाबाद, कोटा आणि संगमरवर हे सगळे चुनखडीच्या घराण्यातले. सिंकखाली, न दिसणाऱ्या जागी लिंबाच्या रसाचा थेंब टाका आणि दहा मिनिटांनी पुसा. डाग फिका, खरखरीत झाला असेल तर दगड चुनखडीचा; काहीच फरक पडला नसेल तर ग्रॅनाइट समजायला हरकत नाही. (बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून विकले जाणारे बरेच दगड भूशास्त्राच्या हिशेबाने गॅब्रो किंवा डोलेराइट असतात. भरण्याच्या कामात त्याने काही बिघडत नाही.) ही तपासणी का महत्त्वाची ते ब्लेडच्या पायरीला कळेल.

घरी भरण्याची मर्यादा सोपी आहे: रुपयाच्या नाण्याएवढा किंवा त्याहून लहान, 5-6 मिलिमीटरपर्यंत खोल आणि तडा नसलेला. आणखी एक अट जागेची. घरगुती इपॉक्सी साधारण 60-70 अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडायला लागते. शेगडीवरून उतरवलेला तवा किंवा कुकर जिथे नेहमी टेकवला जातो, तिथला टवका भरला तरी टिकणार नाही.

सामान

मंद घट्ट होणारी दोन नळ्यांची इपॉक्सी घ्या. अॅरल्डाइटची साधी जोडी चालते. पाच मिनिटांत घट्ट होणारी घेऊ नका. रंग मिसळेपर्यंत ती हातात आवळते आणि बुडबुडे बाहेर यायला तिला वेळच मिळत नाही. याशिवाय पुढील गोष्टी लागतील:

– हार्डवेअरच्या दुकानातला काळा ऑक्साइड, अगदी लहान पुडी. कोबा रंगवायला वापरतात तीच कोरडी पूड.
– दगडाची बारीक पूड. ग्रॅनाइटच्या दुकानाबाहेर पडलेला तुकडा कानशीवर ओला घासून वाळवला तरी चमचाभर मिळते. नाहीतर मार्बल पावडर.
– एनसी थिनर किंवा अॅसिटोन, थोडेसे. नेलपॉलिश काढायच्या द्रवात बरेचदा तेल असते, ते टाळा.
– मास्किंग टेप आणि खोके बंद करायची प्लॅस्टिकची पॅकिंग टेप.
– नवी कोरी दाढीची ब्लेड, शक्यतो एका बाजूला जाड पाठ असलेली.
– 80 नंबरचा पॉलिश पेपर आणि 400, 800, 1500 नंबरचे वॉटर पेपर.
– आइस्क्रीमच्या काड्या, जुने बाटलीचे झाकण, हातमोजे.

रंगाच्या दुकानातला पातळ स्टेनर इपॉक्सीत घालू नका. त्यातले पाणी किंवा तेल इपॉक्सीला नीट जमू देत नाही. वरून सुकल्यासारखी वाटते आणि आत आठवडाभर चिकट राहते.

भरण्याचे काम

1. रंग ठरवा. खळगीवर पाण्याचा थेंब ठेवून बघा. तुटलेला दगड पांढुरका दिसतो तो प्रकाश विखुरल्यामुळे. ओला झाला की त्याचा मूळ रंग परत येतो. थेंब असताना टवका जवळजवळ दिसेनासा होत असेल तर रंग घालायची गरजच नाही, पारदर्शक इपॉक्सी तेच काम कायमचे करते. उथळ टवक्यांत अनेकदा असेच होते. खळगी खोल असेल किंवा पांढरी रेघ उरतच असेल, तरच ऑक्साइड घाला.

2. साफ करा. भांड्याचा साबण आणि जुन्या टूथब्रशने घासा, पाण्याने धुवा, वाळवा. मग थिनरने दोन वेळा पुसा, दर वेळी नवा कापूस घेऊन. त्या वेळी शेगडी बंद आणि खिडकी उघडी हवी. सिंकच्या कडेला सिलिकॉन लावलेले असेल तर ते ब्लेडने पूर्ण काढा, त्याचा पुसटसा थर राहिला तरी इपॉक्सी तिथून सुटते.

3. खरखरीत करा. 80 नंबरच्या कागदाची घडी करून खळगीचा फक्त आतला भाग घासा. कपची उडाल्यावर तळ काचेसारखा गुळगुळीत राहतो, त्यावर पकड येत नाही. मग पुन्हा थिनर.

4. वाळवा. ओट्याच्या त्या भागाला आदल्या दिवसापासून पाणी लागू देऊ नका. शेवटी केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा पाच मिनिटे द्या आणि दगड कोमट असतानाच भरा. कोमट दगडावर इपॉक्सी पातळ होऊन बारीक छिद्रांत उतरते.

5. बांध घाला. टवका वरच्या सपाट भागावर असेल तर भोवती मास्किंग टेप पुरे. पुढच्या कडेवर असेल तर खालच्या-पुढच्या बाजूने पॅकिंग टेप घट्ट ताणून लावा, म्हणजे माल ओघळणार नाही. पॅकिंग टेपला इपॉक्सी धरत नाही, नंतर ती सहज सुटते. गोल कडेला टेप वळवताना सुरकुती आली तर तिचा ठसा मालात उमटतो, म्हणून लहान लहान तुकडे लावा.

6. कालवा. दोन्ही नळ्यांतले प्रमाण पाकिटावर दिलेले असते. घरगुती जोड्यांत बहुधा सारख्या लांबीच्या दोन रेघा. झाकणात काडीने दोन मिनिटे घोळा. फेटू नका, फेटले की हवा शिरते. झाकणाच्या कडेचा माल पुन्हा पुन्हा मध्ये आणा. पांढरे धागे दिसायचे थांबले की ऑक्साइड घाला, काडीच्या टोकावर राहील एवढाच. वजनाच्या 5 टक्क्यांवर रंग गेला तर माल ठिसूळ होतो. कडेच्या टवक्यासाठी दगडाची पूड मिसळत जा आणि टांगलेल्या चक्क्याइतका घट्टपणा आला की थांबा. सपाट जागेच्या उथळ टवक्यासाठी पूड लागत नाही.

रंग किंचित गडद ठेवा. दगडात काळा ठिपका खपून जातो, फिका ठिपका दुरून डोळ्यात येतो. ब्लॅक गॅलेक्सीसारखा सोनेरी कण असलेला दगड असेल तर कण रंगवायच्या फंदात पडू नका. चमकी घातली की ओटा लग्नपत्रिकेसारखा दिसतो.

7. भरा. आधी काडीच्या टोकाने बिनपुडीचा पातळ थर तळाला चोळा, त्यावर घट्ट माल दाबून बसवा. पृष्ठभागापेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर वर येऊ द्या. सुकताना माल थोडा बसतो, आणि वर आलेला तासता येतो. खाली गेलेल्यावर मात्र पुन्हा थर द्यावा लागतो. दिसणारे बुडबुडे सुईने फोडा. अर्ध्या तासाने पुन्हा येऊन बघा, नवे आलेले असतात.

8. अर्धवट जमल्यावर तासा. हवेप्रमाणे 4 ते 8 तासांनी अशी वेळ येते की नख दाबले तर खूण उमटते पण बोटाला काही चिकटत नाही. झाकणात उरलेल्या मालावर ही परीक्षा करा, ओट्यावर नको. आता टेप काढा, ब्लेड दगडावर जवळजवळ आडवी टेकवा आणि वर आलेला माल कापत पुढे जा. चीजचा पातळ काप निघावा तसा तो निघतो. ग्रॅनाइट पोलादी ब्लेडपेक्षा कठीण असल्यामुळे त्यावर ओरखडा पडत नाही. करडी रेघ दिसली तर ती ब्लेडचे लोखंड आहे, घासल्यावर जाते. कडाप्पा आणि संगमरवर ब्लेडपेक्षा मऊ. तिथे ब्लेड वापरलीत तर एका टवक्याच्या जागी दहा ओरखडे मिळतील. त्या दगडांवर माल आधीच नेमका पातळीला भरून घ्यावा.

ही वेळ चुकली आणि माल पूर्ण कडक झाला तर नुसता कागद घासत बसावे लागते आणि आजूबाजूचे पॉलिश उतरते.

9. चकाकी. 24 तासांनी 400, मग 800, मग 1500 नंबरचा कागद पाण्याचा थेंब टाकून फक्त भरलेल्या भागावर फिरवा. कागद बोटावर न गुंडाळता खोडरबराच्या लहान तुकड्यावर गुंडाळा; बोट मऊ असते, त्याने मध्ये खड्डा पडतो. शेवटी गाड्यांचे रबिंग कंपाउंड कोरड्या फडक्याने चोळून नीट पुसून टाका.

दोन-तीन दिवस त्या जागी पाणी साठू देऊ नका आणि पुढेही भरलेल्या जागेवर थेट कणीक मळू नका.

कपची सापडली असेल तर काम निम्म्याने कमी होते. कोरडी बसवून बघा, नेमकी कुठल्या दिशेने बसते ते पेन्सिलीने खूण करा, मग दोन्ही बाजूंना इपॉक्सीचा पातळ थर लावून दाबा आणि टेपने बांधून रात्रभर ठेवा. फेविक्विकनेही चिकटते, पण तो जोड ठिसूळ असतो आणि रोजच्या पाण्याने सिंकजवळ काही महिन्यांत सुटतो. सिंकपासून लांब असेल तर पाच-दहा रुपयांची नळी पुरते.

ज्या गोष्टी लोक हमखास वापरतात आणि वापरू नयेत

व्हाइट सिमेंट. गुळगुळीत दगडावर त्याचा पातळ थर धरत नाही, पंधरा दिवसांत खपली निघते. एम-सील गळक्या नळाला उत्तम, पण ओट्याच्या कडेवर करड्या च्युइंगमसारखे दिसते. फेविक्विकवर खाण्याचा सोडा टाकला की क्षणात दगडासारखे कडक होते हे खरे, पण ते पांढरे होते, वाफ डोळ्यांना झोंबते आणि त्याला चकाकी येत नाही; पांढऱ्या डाडो टाइलच्या कोपऱ्याला ठीक, काळ्या ओट्याला नाही. आणि सगळ्यांत त्रासाचे सिलिकॉन: त्याने टवका भरला तर पुढे येणारा कारागीर आधी तासभर ते खरवडत बसतो आणि त्याची मजुरी तुमच्याकडूनच घेतो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, इपॉक्सीवर कधी कधी मेणचट थर येतो. दमट हवेचा तो परिणाम. कोमट पाणी आणि साबणाने धुतला की जातो. न धुता दुसरा थर दिलात तर मात्र तो थर सोलून निघतो.

फरशी

फरशीच्या टवक्याआधी फरशी वाजवून बघा. नाण्याच्या कडेने किंवा चमच्याच्या दांडीने चारी कोपऱ्यांवर आणि मध्यभागी टकटक करा. भरीव फरशी बद्द वाजते, पोकळ फरशीचा आवाज डब्यासारखा येतो. टवका पडलेला कोपरा पोकळ वाजत असेल तर तो आपटण्याने कमी आणि खाली मसाला नसल्याने जास्त तुटलेला आहे. वरून भरून उपयोग नाही, उद्या तोच कोपरा पुन्हा दबेल.

लागून असलेल्या दोन फरशांच्या कडा एकाच रेषेत टवकल्या असतील, किंवा दोन्ही कडा तंबूसारख्या किंचित उचललेल्या दिसत असतील, तर फरशा ताणात आहेत. सांधा न सोडता एकमेकींना चिकटवून बसवलेल्या फरशा उष्णतेने फुगल्या की त्यांना सरकायला जागा उरत नाही. मग एखाद्या दुपारी फटकन आवाज होऊन ओळ वर येते. अशा ठिकाणी भरण घालणे म्हणजे स्फोटाला मेकअप. फरशी मिस्त्रीच हवा.

भरीव फरशीवरचा वाटाण्याएवढा टवका घरी भरता येतो. पद्धत ओट्याचीच, रंगाचा खेळ वेगळा. डबल चार्ज व्हिट्रिफाइड फरशीत रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे लहान टवक्यात आतही तोच रंग दिसतो आणि पारदर्शक इपॉक्सी पुरते. वरून छापील नक्षी असलेल्या चकचकीत फरशीत नक्षी कागदाएवढी पातळ, खाली निराळा रंग. तिथे आधी पांढऱ्या किंवा पिवळ्या ऑक्साइडचा माल पातळीच्या किंचित खाली भरायचा, त्यावर बारीक कुंचल्याने इनॅमल रंग, आणि शेवटी पारदर्शक थर. लाकडाच्या नक्षीवर हे सुरेख जमते, कारण तिथे एक गडद रेघ जास्त झाली तरी कुणाला कळत नाही. एकरंगी पांढऱ्या फरशीवर मात्र सगळ्यांत अवघड.

फरशी बदलायचीच झाली तर घरी करू नका, पण मिस्त्री काय करतो त्याकडे लक्ष ठेवा. त्याने आधी चारी बाजूंचे सांधे ग्राइंडरने मोकळे करायला हवेत. सांधे न कापता थेट छिन्नी मारली की हादरा शेजारच्या फरशीत जातो आणि एकाच्या तीन बदलाव्या लागतात. फोडायला सुरुवात मध्यातून, कडेकडे जात. जुना मसाला नव्या फरशीची जाडी आणि चिकटवणाऱ्या थराला पुरेल इतका खाली काढायचा, दातेरी थापीने टाइल अॅडेसिव्ह पसरायचे, फरशीच्या पाठीवरही पातळ थर द्यायचा आणि 24 तास पाय पडू द्यायचा नाही. फरशीच्या पाठीवर पाच ठिकाणी मसाल्याचे गोळे ठेवून ती बसवताना दिसला तर तिथेच थांबवा. पुढची पोकळ फरशी तीच.

बाथरूमच्या जमिनीची एक फरशी फोडणे वेगळे प्रकरण आहे. खालचा वॉटरप्रूफिंगचा थर दुखावला तर पाणी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छतातून टपकते. तिथला टवका वरवर भरून भागत असेल तर भागवा.

बेसिन आणि कमोड

बेसिनच्या काठावरचा टवका घरी जमतो. सिरॅमिकचा वरचा काचेरी थर गेला की आतला भाग पाणी पितो, म्हणून इथे वाळवण जास्त: दोन दिवस बेसिन बंद ठेवा. 400 नंबरने घासून पांढरी इपॉक्सी पातळीच्या केसभर खाली भरा, ती कडक झाल्यावर पांढऱ्या इपॉक्सी इनॅमलचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येकात पाकिटावर दिलेले अंतर ठेवून. एकच जाड हात दिला तर ओघळतो. पांढऱ्यात पांढरा जुळवणे कठीण असते. जुने बेसिन बहुधा किंचित पिवळसर झालेले असते, तेव्हा चिमटीच्या टोकाएवढा पिवळा ऑक्साइड मिसळून बघा.

बेसिनला आरपार तडा असेल तर बदला. कमोडला तडा असेल तर त्याच दिवसापासून वापरणे बंद करा. माणसाच्या वजनाखाली फुटलेल्या सिरॅमिकच्या कडा सुरीसारख्या असतात. यावर कुठलेही केमिकल, कुठलाही कारागीर हे उत्तर नाही.

सनमायका आणि शटर

सनमायकाचा थर साधारण एक मिलिमीटरचा. कोपरा उडाला आणि आतले प्लाय कोरडे, सपाट असेल तर इपॉक्सीत जुळता ऑक्साइड घालून कोपरा उभा करा. बांधाला पुन्हा पॅकिंग टेप. फेविकॉल आणि लाकडाचा भुसा हा सुतारी उपाय बेडरूमच्या कपाटाला ठीक, सिंकखालच्या शटरला नाही, कारण साधा फेविकॉल सततच्या ओलीत टिकत नाही.

कडेची पट्टी सुटली असेल तर लाकडी फेविकॉलने ती बसत नाही, कारण प्लॅस्टिकला तो धरत नाही. त्याला एसआर प्रकारचे रबरी अॅडेसिव्ह लागते. ते दोन्ही पृष्ठभागांना लावून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, बोटाला चिकटेनासे झाले की दाबायचे. बहुतेकांचे काम इथेच फसते: ओले असतानाच दाबतात आणि मग पट्टी सरकत राहते.

कोपरा फुगला असेल, दाबल्यावर बिस्किटासारखा मऊ लागत असेल तर ते पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ आहे आणि त्याने पाणी प्यायले आहे. फुगलेला बोर्ड पुन्हा पातळ होत नाही. सुताराकडून शटर बदलून घ्या आणि त्याआधी सिंकची गळती बंद करा.

भिंतीचा कोपरा

इथे एकच चूक सगळीकडे दिसते, खोल खड्ड्यात वॉल पुट्टी थापणे. पुट्टी हा मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा माल आहे. जाड थापली की सुकताना आकसते आणि चिरते. खड्डा तीन मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर आधी पीओपीने भरा. बाथरूम किंवा बाहेरची भिंत असेल तर सिमेंट-वाळूने. सुटे पोपडे पत्र्याने खरवडा, धूळ झटका, पाणी शिंपडा. कोपऱ्याच्या एका बाजूला सरळ लाकडी पट्टी धरून दुसरी बाजू भरा, घट्ट झाल्यावर पट्टी पलीकडे लावा. पीओपी पंधरा-वीस मिनिटांत आवळते, तेव्हा एका वेळी वाटीभरच कालवा.

त्यावर पुट्टीचे दोन पातळ हात. पाणी पुट्टीच्या वजनाच्या 36 ते 40 टक्के, म्हणजे किलोला पावणेचारशे मिली धरा. 180 आणि मग 320 नंबरचा कागद, प्राइमर, रंग. नुसत्या ठिगळावर रंग लावला तर तो उन्हात वेगळा दिसतोच. जुना डबा शिल्लक असला तरी भिंतीवरचा रंग इतक्या वर्षांत फिका झालेला असतो. भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण रंगवली तरच ठिगळ लपते.

पोपड्याखाली पांढरी, मिठासारखी भुकटी असेल तर लोणा लागला आहे. ओल कुठून येते ते सापडेपर्यंत त्यावर खर्च करू नका.

जुन्या घरांच्या दार-खिडक्यांवरचा ऑइल पेंट कोरडा घासू नका. रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. कागद ओला करून घासा आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

कारागीर बोलवायचा तर कोणता

‘मिस्त्री’ या एका शब्दात चार वेगळी माणसे असतात. ओट्याच्या कडेला ग्रॅनाइट-मार्बल पॉलिशचे काम करणारा लागतो. प्लंबिंगला आलेल्या माणसाने ‘हेही करून देतो’ म्हटले की समजा व्हाइट सिमेंट येणार.

पॉलिशवाला इपॉक्सीऐवजी बहुधा पॉलिस्टर मास्टिक वापरतो. त्यात हार्डनरची पेस्ट दोन-तीन टक्के मिसळली की ते पाच-दहा मिनिटांत घट्ट होते आणि तो त्याच फेरीत पॉलिशही करून जातो. मे महिन्याच्या उन्हात ते हातातच आवळते. घाईने हार्डनर जास्त पडला तर रंग बदलतो आणि माल भुसभुशीत होतो. त्याला उग्र वास असतो, खिडक्या उघड्या ठेवा. त्याचे खरे भांडवल म्हणजे हातातले पॉलिशर आणि डायमंड पॅडचा संच. कड लांबवर टवकली असेल तर तो भरत बसत नाही, पूर्ण कडच दोन-तीन मिलिमीटर घासून गोल करतो. काटकोनी धारेपेक्षा गोल कडेला टवका कमी उडतो, हा वरचा फायदा.

काम ठरवताना विचारायचे ते एवढे: केमिकल कोणते, रंग आधी बाजूला लावून दाखवणार का, घासणे ओले की कोरडे. कोरडे म्हणाला तर नको म्हणा. दगडाची कोरडी धूळ घरभर बसते हे तर आहेच, पण त्यातली सिलिका फुफ्फुसांत जाते, त्याच्या आणि तुमच्याही. कडेचे काम रनिंग फुटावर असते, एकट्या टवक्याचे उक्ते. एका टवक्यासाठी आला काय आणि चारांसाठी आला काय, येण्याजाण्याचे पैसे तेवढेच, म्हणून घरातले सगळे दगडी टवके एका फेरीत काढा. पैसे देण्याआधी खिडकीकडून बॅटरीचा प्रकाश तिरका टाकून बघा. उंचवटा आणि खड्डा सरळ उजेडात दिसत नाही.

भाड्याच्या घरात हात लावण्याआधी फोटो काढून मालकाला पाठवा. फसलेले भरण खरवडून नव्याने करायला मूळ कामापेक्षा जास्त लागतात आणि ते डिपॉझिटमधून जातात.

नवीन फ्लॅट असेल तर भरायची घाई अजिबात नको. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत कामाच्या दर्जातला दोष निदर्शनास आणून दिला तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. पोकळ फरशा, सिंकच्या कोपऱ्यातला तडा, ताणाने टवकलेले सांधे हे त्यात मांडता येतात. तुमच्या हातून कुकर पडला असेल तर तो नाही. तारखेसह फोटो, फरशी वाजवतानाचा आवाज येईल असा व्हिडिओ आणि लेखी पत्र, मग वाट पाहा. तुम्ही आधीच इपॉक्सी भरून बसलात तर दोष कुठे होता हे दाखवायला काही उरत नाही.

आणि फरशीचे काम चालू असेपर्यंत उरलेल्या पाच-सहा फरशा खोक्यासकट माळ्यावर टाकून घ्या. खोक्यावर शेड आणि बॅचचा नंबर छापलेला असतो. तीच डिझाइन दोन वर्षांनी मिळाली तरी तोच शेड मिळेल याची खात्री नसते.